देवाचा सेवक मोशे व येणारा संदेष्टा

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या दक्षिणेस बोरीच्या वाटेवरील एका खेड्यात आमचा मुक्काम होता. सायंकाळची प्रार्थना आटोपली, कंदील विझविण्याची वेळ झाली, तेव्हा दिवसभर निंदणी करून आलेल्या एका वृद्ध बाईने उपदेशकांस एक प्रश्न विचारला. त्या दिवशी मोशेच्या मरणाचा अध्याय वाचण्यात आला होता. तिचे म्हणणे असे की, ज्या माणसाने कुरकुर करणाऱ्या लोकांचे ओझे चाळीस वर्षे वाहिले, त्यास एका वेळच्या रागासाठी देवाने शिवेवरच थांबविले आणि देश केवळ दुरून दाखविला, हा न्याय कसा? तिच्या स्वतःच्या यजमानांनी ह्याच मंडळीसाठी आयुष्य वेचले, उपासनेसाठी एक खोली व्हावी म्हणून विटा वाहिल्या, आणि भिंती छातीइतक्या उंच झाल्या असता ते प्रभूकडे गेले. उपदेशक निरुत्तर झाले. खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्हासही समाधानकारक उत्तर देता आले नाही. तो प्रश्न आमच्याबरोबर नागपुरास आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मोशेचे सर्व चरित्र आम्ही पुन्हा वाचून काढले. त्या वाचनात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आरंभी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. मोशे हा ख्रिस्ताची पूर्वछाया आहे असे आपण पुष्कळदा ऐकतो. पण छाया म्हणजे काय, ह्याचा विचार थोडेच करितात. सायंकाळी शेतातून घरी येणाऱ्या माणसाच्या पाठीशी सूर्य असला, म्हणजे तो अंगणात पोहोचण्यापूर्वीच त्याची लांब सावली उंबरठ्यास लागते. सावलीस आकार असतो, पण तोंड नसते. ती पाहून कोणीतरी येत आहे हे कळते. परंतु घरच्या मुलांस सावली नको असते, त्यांस बाप हवा असतो. पवित्र शास्त्रातील जुन्या करारातील माणसे व विधी ह्यांचे असेच आहे. तसेच, मोशेच्या काठीत, जोड्यांत व प्रत्येक खुंटीत ओढूनताणून अर्थ काढण्याची सवय बरी नव्हे. ज्या स्थळी शास्त्र स्वतःच बोट दाखविते, तेथेच आपण पाहावे. अशी स्थळे थोडी नाहीत.

मोशेची कथा आमच्या मराठी भाषेत कशी आली, हेही आमच्या वाचकांनी जाणावे. बंगाल्यात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी साहेबांनी शास्त्राचे मराठीत भाषांतर आरंभिले, आणि 1805 साली मत्तयाचे शुभवर्तमान छापून निघाले. ह्या मराठीच्या कामी त्यांस ज्या पंडिताचे साहाय्य होते, ते वैजनाथशास्त्री मूळचे नागपूरकडील होते. म्हणजे आमच्या ह्या प्रांताची वाणी त्या कामास अगदी प्रारंभापासून लागली आहे. परंतु भाषांतराच्याही कित्येक शतके आधी मोशेचे नाव मराठी घरांत उच्चारले जात होते. कोकणात, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत, बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी, पोशाख येथला. पण मोशेने लावून दिलेला विसाव्याचा वार त्यांनी सोडला नाही. 1796 साली त्यांचे पहिले सभास्थान मुंबईत उभे राहिले, आणि 1948 नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबे इस्राएल देशात जाऊन राहिली. येशूस ते ख्रिस्त मानीत नाहीत. तरी एका माणसाच्या हातून मिळालेली आज्ञा समुद्रापलीकडील परक्या मुलुखात इतकी शतके टिकते, ह्यावरून तो माणूस केवढा असावा ह्याची कल्पना येते.

आता त्याच्या जन्माकडे वळू. याकोबाचे वंशज दुष्काळामुळे मिसर देशात उतरले व गोशेन प्रांतात वाढले. पुढे योसेफास न ओळखणारा राजा झाला. त्याने त्या लोकांस वेठीस धरून पीथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधविली. विटा पाडण्याचे कष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नकोत. मातीत कुटार मिसळून, पायांनी तुडवून, उन्हात विटा वाळविण्याची जी रीत आमच्या खेड्यांत आहे, तीच नील नदीच्या काठी होती. पुढे तर कुटार देणेही बंद झाले, आणि विटांची संख्या मात्र तितकीच भरून मागण्यात आली. एवढ्यानेही हे लोक खचेनात, तेव्हा त्यांचे मुलगे जन्मताच मारावे असा हुकूम सुटला. शिप्रा व पुवा ह्या दोन सुइणींनी देवाचे भय धरून तो हुकूम मोडला. नंतर मुलगे नदीत टाकावे असा दुसरा हुकूम निघाला. अशा दिवसांत लेवी वंशातील अम्राम व योखबेद ह्यांच्या पोटी मोशे जन्मास आला. आईने त्यास तीन महिने लपविले. पुढे लपविणे अशक्य झाले, तेव्हा लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यास डांबर व राळ लावून, त्यात मूल ठेवून, तो नदीकाठच्या लव्हाळ्यांत सोडला. बहीण दूर उभी राहून पाहत होती. राजाची कन्या स्नानास आली, तिने मूल उचलले, आणि त्या बहिणीच्या चातुर्याने त्याची आईच त्याची दाई झाली. ज्या घरातून त्याच्या मरणाचा हुकूम निघाला, त्याच घराच्या खर्चाने तो वाढला. पुढे बेथलेहेमातही एका राजाने बालकांचा वध मांडिला, आणि मरियेचे मूल त्यातून वाचविण्यात येऊन ह्याच मिसर देशात आश्रयास नेण्यात आले. छायेची पहिली रेषा येथे उमटते.

मोशे राजवाड्यात वाढला, मिसरी लोकांच्या सर्व विद्येत तरबेज झाला. परंतु आपण कोणाचे, हे तो विसरला नाही. स्तेफनाने न्यायसभेपुढे केलेल्या भाषणाप्रमाणे तो चाळीस वर्षांचा झाला, तेव्हा आपल्या भाऊबंदांची विचारपूस करावयास गेला. एक मिसरी एका इब्र्यास मारीत आहे असे पाहून, इकडेतिकडे कोणी नाही अशी खात्री करून, त्याने त्या मिसऱ्यास ठार केले व वाळूत पुरिले. दुसऱ्या दिवशी दोन इब्री आपसांत भांडताना दिसले. त्यांस समजावू लागताच त्यांतील अपराध्याने त्यास झिडकारून, तुला आम्हावर अधिकारी कोणी नेमिले, असे विचारले. ज्यांच्यासाठी त्याने राजवाडा सोडला, त्यांनीच त्यास प्रथम नाकारिले. येशू स्वकीयांकडे आला असता स्वकीयांनी त्याचा स्वीकार केला नाही. स्तेफनाने हे साम्य सभेच्या तोंडावर सांगितले, आणि त्यासाठी तो दगडमाराने मेला. पण येथेच एक मोठा भेदही पाहावा. मोशेने आपल्या लोकांस सोडविण्यासाठी दुसऱ्याचे रक्त सांडिले, आणि त्यातून कोणाचीही सुटका झाली नाही. ख्रिस्ताने आपले स्वतःचे रक्त सांडिले, आणि त्यातून सुटका झाली. छाया ती छायाच.

मोशे मिद्यान देशात पळाला. तेथे इथ्रो नावाच्या याजकाच्या घरी राहिला, त्याची कन्या सिप्पोरा हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि आणखी चाळीस वर्षे त्याने सासऱ्याची मेंढरे चारिली. राजवाड्यात शिकलेल्या माणसास हा काळ व्यर्थ गेला असे वाटले असेल; परंतु ज्यास पुढे एका हट्टी लोकसमूहास रानातून न्यावयाचे होते, त्यास रान, पाण्याची ठिकाणे व मेंढरांचा स्वभाव शिकणे भाग होते. आमच्या ज्या उपदेशक बंधूंस वर्षानुवर्षे एकाच लहानशा गावी दहापाच घरांची राखण करावी लागते, त्यांनी मिद्यानातील ही चाळीस वर्षे विसरू नयेत.

पुढे होरेब डोंगराजवळ एक झुडूप जळत असून भस्म होत नाही असे त्याने पाहिले. तेथे देवाने त्यास नावाने हाक मारिली, जोडे काढावयास सांगितले, आणि आपण ह्या लोकांचे दुःख पाहिले व त्यांचा आक्रोश ऐकिला आहे असे कळविले. मोशेने एकामागून एक सबबी सांगितल्या. आपण कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, आपली जीभ जड आहे, दुसऱ्या कोणास पाठवावे. शेवटी भाऊ अहरोन ह्यास बोलण्यास देऊन देवाने त्यास धाडिले. तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा व अहरोन त्र्याऐंशी वर्षांचा होता.

फारो राजाचे मन कठीण झाले, आणि मिसर देशावर दहा पीडा आल्या. नदीच्या पाण्याचे रक्त झाले. बेडूक, उवा, गोमाशा, गुरांवरील मरी, गळवे, गारा, टोळ व अंधकार ही संकटे एकामागून एक आली. तरी राजा नमला नाही. शेवटच्या रात्री देशातील सर्व प्रथमजन्मलेले मरावयाचे होते. त्या रात्रीसाठी देवाने विधी लावून दिला, तो असा: प्रत्येक घराने एक वर्षाचा निर्दोष नर कोकरा दहाव्या दिवशी निवडून चौदाव्या दिवशी सायंकाळी वधावा, त्याचे रक्त एजोबाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांस व वरच्या पट्टीस लावावे, मांस विस्तवावर भाजून बेखमीर भाकरी व कडू भाजी ह्यांसह खावे, त्याचे एकही हाड मोडू नये, आणि कंबर बांधून, जोडे घालून, हाती काठी घेऊन तयार असावे. ज्या दारावर रक्त दिसले, ते घर ओलांडून मृत्यू पुढे गेला. म्हणून त्या सणास वल्हांडण हे नाव पडले.

येथे आमच्या मंडळ्यांनी क्षणभर थांबावे. त्या रात्री नाशकर्त्याने घरात राहणारा इब्री आहे की मिसरी, ह्याची चौकशी केली नाही. दारावर रक्त आहे की नाही, एवढेच पाहिले. एखाद्या इस्राएलाने आपल्या कुळावर विसंबून दार कोरडे ठेवले असते, तर त्याच्या घरीही आक्रोश झाला असता. आमच्यातील किती घरांत बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवलेला आहे, आजोबा कोणत्या साली ख्रिस्ती झाले हे तोंडपाठ आहे, आणि दार मात्र कोरडे आहे! प्रभू येशू वल्हांडणाच्याच सणात वधस्तंभी खिळला गेला, आणि शिपायांनी दुसऱ्या दोघांचे पाय मोडिले तरी त्याचे हाड मोडिले नाही. पौलाने त्यास आमचा वल्हांडण म्हटले आहे. तेव्हा ही जुळवाजुळव आमची नव्हे. ती प्रेषितांनी करून ठेविली आहे.

लोक निघाले. पुढे तांबडा समुद्र व मागे फारोचे रथ अशा अडचणीत देवाने वारा सोडून समुद्रात वाट केली, आणि लोक कोरड्या भूमीवरून पार गेले. मिसर देशात थीब्ज येथे 1896 साली सापडलेल्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 1208 च्या लेखात, कनानाकडील लोकांत इस्राएल हे नाव कोरलेले आहे. ज्यांस वीटभट्टीवरचे मजूर म्हणून कोणी मोजत नव्हते, त्यांचे नाव राजाच्या दगडावर आले. दास्यातून निघालेल्या ह्या लोकांची कथा ज्यांस दास्य ठाऊक आहे त्यांच्या मनास सहज भिडते. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी 1941 साली मुंबईच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात मोशेच्या थोरवीवर लेख लिहिला होता. आणि पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी ह्याच नागपुरात लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा मार्ग आमच्या मार्गाहून निराळा. तथापि ज्या अपमानातून ते लोक निघाले, तो आमच्यातील बहुतेकांच्या पूर्वजांनी भोगलेला आहे, आणि देव दुबळ्यांचा आक्रोश ऐकतो ही मोशेच्या पुस्तकाची साक्ष सर्वांसाठी आहे.

समुद्र ओलांडल्यावर तीनच दिवसांत कुरकुर सुरू झाली. मारा येथील पाणी कडू लागले, पुढे अन्न नाही म्हणून ओरड झाली, आणि ज्या मिसरात चाबूक खाल्ले, तेथील मांसाची भांडी, काकड्या, कांदे व लसूण आठवू लागले. मनुष्यस्वभाव असा आहे. आमच्यातीलही कोणी नवा ख्रिस्ती संकटात सापडला, म्हणजे जुन्या दास्याच्या गोष्टी त्यास गोड वाटू लागतात. देवाने सकाळी दहिवराबरोबर मान्ना पाडिला व रफीदीम येथे खडकातून पाणी काढिले. मान्ना त्या त्या दिवसापुरता होता. दुसऱ्या दिवसासाठी साठविला की त्यात किडे पडत. पाच हजारांस जेवू घातल्यावर लोकांनी ह्या मान्न्याची आठवण काढिली, तेव्हा ती भाकर मोशेने नव्हे तर आपल्या पित्याने दिली, ती खाणारे रानात मेले, आणि जीवनाची खरी भाकर आपण स्वतः आहो, असे प्रभूने त्यांस शिकविले.

सीनाय पर्वतावर मोशेस नियमशास्त्र मिळाले. चाळीस दिवस व चाळीस रात्री तो वर होता. तितक्यात खाली लोकांनी कानांतील सोने उतरवून वासरू ओतविले आणि त्याभोवती नाचू लागले. मोशेने उतरून शिलापट आपटून फोडिल्या, वासरू जाळून त्याचे पीठ केले. आणि त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसे पडली. पण त्यानंतर जे घडले, त्यात ह्या माणसाचे अंतःकरण सर्वांत अधिक दिसते. देवाने ह्या लोकांचा नाश करून मोशेचेच मोठे राष्ट्र करण्याचे बोलून दाखविले होते. ज्यांनी त्यास पदोपदी छळिले, त्यांच्यापासून सुटण्याची ती संधी होती. त्याने ती घेतली नाही. तो पुन्हा वर चढला, आणि ह्या लोकांचे पाप क्षमा होत नसेल तर देवाने आपलेच नाव त्याच्या पुस्तकातून पुसून टाकावे, अशी त्याने विनंती केली. ती विनंती मान्य झाली नाही; कारण मोशे स्वतः पापी होता, आणि एक पापी दुसऱ्याचे ऋण फेडू शकत नाही. सावकाराच्या वहीत ज्याचे स्वतःचे नाव आहे, त्याची जामीनकी कोण घेणार? मोशेने जे देऊ केले, ते ख्रिस्ताने दिले. तो दुसऱ्याच डोंगरावर चढला, आणि आमच्या जागी शापित असा गणला गेला.

मोशे सर्व मनुष्यांहून नम्र होता असे शास्त्र म्हणते. स्वतःची बहीण मिर्याम व भाऊ अहरोन ह्यांनी त्याच्याविरुद्ध बोलून त्याचा अधिकार हिणविला, तेव्हा त्याने स्वतःची तरफदारी केली नाही. उलट मिर्याम कोडाने भरली असता तिच्यासाठी त्यानेच प्रार्थना केली. तेथे देवाने अशी साक्ष दिली की इतर संदेष्ट्यांशी आपण दृष्टांतात व स्वप्नात बोलतो, पण मोशेशी समोरासमोर बोलतो, आणि तो आपल्या सर्व घरात विश्वासू आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हेच शब्द धरून पुढे असे दाखविले आहे की मोशे घरात सेवक म्हणून विश्वासू होता. ख्रिस्त घरावर पुत्र म्हणून आहे. मालगुजाराच्या वाड्यातील जुना इमानी कारभारी कितीही मानाचा असला, तरी वाडा त्याचा नसतो. मोशे हे जाणून होता. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात तो लोकांस सांगतो की, देव तुमच्या भावांतून माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील, त्याचे तुम्ही ऐकावे. पुढे पुष्कळ संदेष्टे झाले. पण त्या पुस्तकाच्या शेवटी असे लिहून ठेविले आहे की मोशेसारखा कोणी पुन्हा झाला नाही. म्हणजे जागा रिकामीच राहिली. प्रेषित पेत्राने मंदिरातील शलमोनाच्या देवडीत लोकांस सांगितले की ती जागा येशूने भरली. आपल्यानंतर येणाऱ्याची वाट लोकांस पाहावयास लाविणे, हेच मोशेच्या थोरपणाचे खरे लक्षण होय.

पितळी सापाची गोष्ट आमच्या ह्या भागात विशेष जपून सांगावी लागते. आमचे शहर नाग नदीवर वसलेले आहे. नागपंचमीस घरोघरी नागाचे पूजन होते, आणि पावसाळ्यात सापाचे भय शेतकऱ्यास नित्याचे आहे. रानात लोक पुन्हा कुरकुरले, तेव्हा विषारी साप त्यांच्यांत शिरले व पुष्कळ लोक मेले. देवाच्या आज्ञेवरून मोशेने पितळेचा साप करून खांबावर लाविला, आणि दंश झालेला जो कोणी त्याकडे पाही, तो वाचे. तो साप देव नव्हता, आणि त्याची पूजा करावयास मोशेने सांगितले नव्हते. पुढे कित्येक शतकांनी लोक त्यास धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. चिन्हाचीच पूजा होऊ लागली म्हणजे असे करावे लागते. प्रभूने निकदेमास रात्रीच्या संभाषणात सांगितले की त्या सापाप्रमाणे मनुष्याच्या पुत्रासही उंच केले जाणे अवश्य आहे. दंश झालेल्यास धावावयास, नवस फेडावयास किंवा मांत्रिकास पैसे द्यावयास सांगितले नव्हते. पाहावयास सांगितले होते. ज्याच्या अंगात विष चढले आहे, त्याच्याने एवढेच होते.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. कादेश येथे पाणी नव्हते. ह्या वेळी देवाने खडकाशी बोलावयास सांगितले होते. परंतु मोशेने रागाच्या भरात लोकांस बंडखोर म्हणून, आपणच पाणी काढून देणार अशा भाषेत बोलून, काठीने खडकास दोनदा मारिले. पाणी आले, लोक व गुरे तृप्त झाली, आणि सेवकास मात्र कळविण्यात आले की तो ह्या लोकांस देशात नेणार नाही. त्याने पुढे देवाजवळ आर्जव केले, तेही मान्य झाले नाही. तो एकशेवीस वर्षांचा झाला. त्याची दृष्टी मंद झाली नव्हती की त्याचे बळ कमी झाले नव्हते. यहोशवावर हात ठेवून, लोकांस आशीर्वाद देऊन, तो मवाबाच्या मैदानातून नबो पर्वतावर, पिसगाच्या शिखरावर एकटा चढला. देवाने त्यास गिलादापासून दानापर्यंत व यरीहोच्या खोऱ्यापासून सोअरापर्यंत सर्व देश दाखविला. तेथे तो मरण पावला. देवाने त्यास पुरिले, आणि त्याची कबर कोणास ठाऊक नाही. लोकांनी तीस दिवस शोक केला.

ही शिक्षा कठोर होती, हे आम्ही नाकारीत नाही. ज्याच्या हाती अधिक दिलेले असते, त्याच्याकडून अधिक मागितले जाते; लोकांपुढे देवास रागीट करून दाखविणे हा पुढाऱ्याचा लहान अपराध नव्हे. उपदेशकांनो, आपल्या जिभेस जपा. पण एवढेच उत्तर असते तर ती बाई रडतच राहिली असती. उत्तराचा दुसरा भाग असा आहे. नियमशास्त्र शिवेपर्यंत आणू शकते, आत नेऊ शकत नाही. लोकांस आत नेणारा यहोशवा होता. आणि यहोशवा व येशू हे एकच नाव आहे. इब्री भाषेतले ते नाव ग्रीक भाषेतून येताना येशू असे झाले. त्याचा अर्थ यहोवा तारितो असा आहे. मोशे जर आत जाता, तर लोकांनी त्याच्याच कबरेवर देऊळ बांधिले असते आणि पुढे येणाऱ्याची वाट पाहणे सोडून दिले असते.

आणि तिसरा भाग सर्वांत गोड आहे. मोशेचे चरित्र नबो पर्वतावर संपत नाही. पुष्कळ शतकांनंतर प्रभू येशू पेत्र, याकोब व योहान ह्यांस घेऊन एका उंच डोंगरावर गेला. प्राचीन परंपरा त्यासाठी गालीलातील ताबोर डोंगर दाखविते. तेथे त्याचे रूप पालटले, आणि दोन पुरुष त्याच्याशी बोलताना दिसले. एक एलीया, आणि दुसरा मोशे. ज्या देशात पाऊल ठेवण्याची त्याने विनवणी केली होती, त्या देशाच्या धन्याजवळ तो तेजात उभा होता. लूक सांगतो की ते यरुशलेमात होणाऱ्या प्रभूच्या निर्गमनाविषयी बोलत होते. मिसरातून एका राष्ट्राचे निर्गमन ज्याने घडविले, त्यास आता सर्व जगाच्या सुटकेचे निर्गमन समजले. मग ढगातून वाणी झाली की ह्या पुत्राचे ऐका. अनुवादात मोशेने जे सांगितले होते, तेच पित्याने सांगितले. शिष्यांनी वर पाहिले, तो येशू एकटाच होता. छाया सरली होती आणि घरधनी अंगणात आला होता.

ह्या ठिकाणी आमच्या नागपूरच्या एका सेवकाची आठवण येते. स्टीफन हिस्लॉप साहेब 1845 साली ह्या शहरी आले. त्यांनी शाळा काढिली, खेड्यापाड्यांत हिंडून सुवार्ता सांगितली, गोंड लोकांची गाणी व चालीरीती लिहून घेतल्या, आणि येथील दगडांतील प्राचीन वनस्पतींचे ठसे गोळा केले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील जुनी शिलावर्तुळे पाहण्यास ते रिचर्ड टेंपल साहेबांबरोबर गेले होते. परत येताना बोरीजवळ ओढ्यास पूर होता. त्यात ते वाहून गेले. त्यांनी गोंड लोकांविषयी लिहिलेले कागद टेंपल साहेबांनी 1866 साली छापिले. त्यांच्या नावाचे कॉलेज तर 1883 साली निघाले. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. त्यांची शीव ओढ्याच्या काठी आली. पण त्यांनी पेरिलेले बी पुरात वाहून गेले नाही.

म्हणून, त्या वृद्ध बाईस व तिच्यासारख्या सर्वांस आम्ही एवढेच कळवितो. तुमच्या यजमानांनी भिंती छातीइतक्या पाहिल्या. छप्पर त्यांनी पाहिले नाही. मोशेनेही पाहिले नाही. परंतु ज्या पुत्राच्या घरात ते सेवक होते, तो पुत्र आपल्या सेवकांस शिवेबाहेर ठेवून विसरत नाही. आता त्या खोलीवर छप्पर घालणे मंडळीच्या हाती आहे. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते घातले जाईल, तर त्या बाईच्या प्रश्नास आमच्या ह्या लेखापेक्षा ते अधिक चांगले उत्तर होईल. मोशेने आपले काम यहोशवाच्या हाती देऊन समाधानाने डोंगर चढला, तसे आम्हासही करिता यावे. आणि ज्याचे ऐका म्हणून मोशेने सांगितले, त्याचे ऐकण्याची बुद्धी देव आमच्या सर्व मंडळ्यांस देवो. आमेन.